सव्वाशे दिरहमांचा दिवस

आमच्या चिपळूणच्या बाजूला दुबई पाहायला सहसा कोणी जात नाही. तिथे कामाला जातात. माझ्या लहानपणी वर्षाआड कोणीतरी ‘गल्फ’हून सुट्टीवर येई आणि त्याच्या घरी टेपरेकॉर्डर, फुलाफुलांची जाड ब्लँकेटे, टँगचे डबे आणि डोके भणभणेल असे अत्तर येई. आलेला माणूस मात्र तिथल्या इमारतींबद्दल फारसे बोलत नसे. तो ड्युटीबद्दल, कफीलबद्दल म्हणजे व्हिसा देणाऱ्या तिथल्या मालकाबद्दल, आणि परत जायला किती दिवस उरले याबद्दल बोलत असे. त्यामुळे पत्नीला घेऊन सहा दिवस दुबईला फिरायला जाण्याचा बेत मी पतसंस्थेतल्या सहकाऱ्यांना सांगितला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो ‘व्हिसा कुठल्या कंपनीचा?’ असा.

पतसंस्थेत मी हिशेबनीस आहे आणि माझी सहल हिशेबाच्या वहीतूनच निघाली. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी आम्ही एक आवर्ती ठेव चालू केली होती, पण २०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचे पाणी तळमजल्यात छातीपर्यंत आले आणि ती ठेव मुदतीआधी मोडून भिंती, वायरिंग आणि फ्रिजवर खर्च झाली. ऑगस्टपासून दरमहा पाच हजारांची ठेव पुन्हा सुरू केली. सतरा महिन्यांनी व्याज धरून नव्वद हजारांच्या जवळपास रक्कम झाली, आणि एवढ्याच रकमेत दोघांनी जाऊन यायचे, एक रुपयाही कर्ज काढायचे नाही, असे आम्ही ठरवले.

मुंबईहून जाण्या-येण्याची दोन तिकिटे तीन महिने आधी काढल्यामुळे पस्तीस हजारांत मिळाली. व्हिसाचे काम मी ज्या एजंटाला दिले त्याने आधी माणशी बासष्टशे सांगितले, नंतर ‘ओके टू बोर्ड’चे, म्हणजे व्हिसा पाहून विमान कंपनीने द्यायच्या होकाराचे वेगळे, सेवाशुल्क वेगळे असे करत आकडा अडुसष्टशेवर नेला. बिल मागितल्यावर त्याने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिले, ती मी कर्जदारांच्या चेहऱ्यावर अनेकदा पाहिली आहे. पासपोर्टची प्रत आणि फोटो दिल्यावर चार दिवसांत तीस दिवसांचा पर्यटक व्हिसा मेलवर आला. खरी अडचण पत्नीच्या जुन्या पासपोर्टची होती. त्यावर ईसीआरचा, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते असे सांगणारा शिक्का होता, आणि अमिरातीसारख्या देशात तो शिक्का घेऊन पर्यटक म्हणून जाणाऱ्याला आपल्याच विमानतळावर बारीक चौकशीला तोंड द्यावे लागते. नूतनीकरणाच्या वेळी तिचे दहावीचे प्रमाणपत्र जोडले आणि शिक्का गेला. आमच्याकडच्या अनेक बायकांची दहावी झालेली असते, पण ते प्रमाणपत्र जोडायचे असते हे कोणी सांगत नाही.

सामान भरताना दुसरा अडथळा आला तो सासूबाईंच्या डब्यातून. खसखस अफूच्या झाडाची असल्यामुळे अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि ती सापडली तर गंभीर गुन्हा होतो, हे आमच्या शेजारच्या भाईंच्या मुलाने, जो गेली चार वर्षे दुबईच्या देरा भागात एका दुकानात काम करतो, फोनवर बजावून सांगितले होते. आमच्या घरच्या मसाल्यात खसखस असते आणि सासूबाईंनी प्रेमाने बांधून दिलेल्या अनारशांवर तर ती वरूनच लावलेली होती. दोन्ही डबे घरीच राहिले. तिळाला मात्र कोणाची हरकत नाही, आणि आम्ही पोहोचणार तो दिवस, १५ जानेवारी २०२३, नेमका मकरसंक्रांतीचा असल्याने अर्धा किलो तिळगूळ बरोबर घेतला.

परकीय चलनाच्या दुकानातून मी पंधराशे दिरहम घेतले. सगळे धरून एक दिरहम साडेबावीस रुपयांना पडला. त्यांतले साडेसातशे हॉटेलला बाजूला काढल्यावर उरलेले साडेसातशे सहा दिवसांत वाटले, म्हणजे दोघांना मिळून दिवसाला सव्वाशे. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि पुढचे सहा दिवस तो आमच्याबरोबर तिसऱ्या प्रवाशासारखा चालत होता.

विमान पहाटे चारच्या सुमाराला टर्मिनल एकवर उतरले. इमिग्रेशनवरच्या अधिकाऱ्याने पासपोर्टबरोबर एक फुकट सिमकार्डही हातात ठेवले. ते एक दिवस चालते आणि घरी कळवण्यापुरते पुरते. व्हॉट्सअॅपवरून संदेश जातात, पण तिथे त्यावरून थेट बोलता येत नाही, हे माहीत नसल्यामुळे माझ्या पत्नीने मुलीला सात वेळा फोन लावला आणि नंतर आवाजी निरोप पाठवला. पुढचे सहा दिवस तिने तेच केले आणि परत आल्यावर मुलीने सांगितले की फोनवर बोलण्यापेक्षा तेच बरे होते, कारण आईला मध्येच तोडता येत नव्हते.

माझी पहिली चूक इथे झाली. मेट्रो पहाटे पाचला सुरू होते एवढे मी वाचले होते, पण रविवारी ती आठला सुरू होते हे वाचले नव्हते. विमानतळावरच्या टॅक्सीचा मीटर बसल्याबसल्या पंचवीस दिरहमांवर सुरू होतो, तर मेट्रोने युनियन स्थानकापर्यंत माणशी तीनच लागतात. पंचवीस वजा सहा हे गणित मनात करून आम्ही चार तास खुर्च्यांवर बसलो. आजूबाजूला आमच्यासारखीच बरीच माणसे बसली होती: दोरीने बांधलेले खोके, पाठीवर कंपनीचे नाव छापलेली जॅकेटे, पायाशी एकेक पिशवी. त्यांचे पुढारी हातात पासपोर्टांचा गठ्ठा घेऊन फेऱ्या मारत होते. पत्नीने पिशवीतून तिळगूळ काढला आणि शेजारच्या दोघांना दिला. ते नेपाळचे निघाले. ‘गोड बोला’ याचा अर्थ तिने हिंदीत समजावून सांगितला, तेव्हा त्यांच्यातला एक म्हणाला की सुपरवायझरला द्या.

मेट्रोसाठी नोल नावाचे कार्ड लागते. साधे चंदेरी कार्ड पंचवीस दिरहमांना मिळते आणि त्यात एकोणीस दिरहमांची रक्कम आधीच असते. तेच कार्ड बसलाही चालते. एका झोनमध्ये तीन, लगतच्या दुसऱ्या झोनपर्यंत पाच आणि त्याहून लांब कितीही गेलात तरी साडेसात, असा सरळ दर आहे. २००९ साली ९ सप्टेंबरला सुरू झालेल्या या गाडीला चालक नाही, त्यामुळे अगदी पुढे उभे राहिले की रूळ आपल्याच अंगावर येत असल्यासारखे वाटते. मात्र नियम कडक आहेत. डब्यात खाल्ले, पाणी प्यायले, च्युइंगगम चघळले किंवा बायकांच्या भागात पुरुष उभा राहिला, तर शंभर दिरहम दंड. पत्नीला प्रवासात आवळकाठी तोंडात ठेवायची सवय आहे. पाटी वाचून तिने तोंडातला तुकडा रुमालात काढून ठेवला आणि शंभर दिरहमांचे रुपये किती, ते मला विचारले.

हॉटेल देऱ्यात, बनियास चौकाच्या मागच्या गल्लीत होते. खोलीचे रात्रीचे एकशेचाळीस दिरहम मी आधीच गृहीत धरले होते. त्यावर शहराचा पर्यटन कर म्हणून रात्रीमागे दहा दिरहम काउंटरवर रोख द्यावे लागतात, हेही मला माहीत होते. शंभर दिरहम अनामत मागतील आणि खोली दुपारी दोनच्या आत हवी असेल तर पन्नास जादा मागतील, हे माहीत नव्हते. अनामत दिली, जादा पन्नास दिले नाहीत; पिशव्या तिथे ठेवून, स्वच्छतागृहात तोंड धुऊन बाहेर पडलो.

पुढचे दोन तास मला सगळ्या सहलीतले सर्वांत महत्त्वाचे वाटतात. गल्लीच्या तोंडाशी एका मल्याळी माणसाचे कॅफेटेरिया होते. कॅफेटेरिया म्हणजे तिथे चार टेबलांची टपरीवजा खानावळ. परोटा एक दिरहम, अंडा रोस्ट चार, कडक चहा एक दिरहम. तिथे त्या चहाला ‘करक’ म्हणतात. आपलाच ‘कडक’ शब्द समुद्र ओलांडून गेला आणि अरबी तोंडात तसा झाला. पराठ्यात ‘चिप्स ओमान’ नावाचे तिखट वेफर आणि चीज घालून गुंडाळी करून देतात, ती पाच दिरहमांना मिळते आणि एका माणसाचे दुपारचे जेवण होते. दोघांची न्याहारी बारा दिरहमांत झाली. शेजारच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, पाण्याची बाटली एक दिरहमाला मिळाली. तेव्हा मला उमगले की स्वस्त दुबई शोधावी लागत नाही, ती आधीच उभारलेली आहे आणि ती पर्यटकांसाठी उभारलेली नाही. आठशे-हजार-बाराशे दिरहमांवर महिना काढणारी लाखो माणसे या शहरात राहतात, त्यांना सकाळी काहीतरी खावे लागते, खाडी ओलांडावी लागते, कामावर पोहोचावे लागते. त्यांच्यासाठी जे चालते त्यावर आम्ही सहा दिवस चाललो.

खाडीवर गेल्यावर मी घरी आल्यासारखा झालो. दाभोळच्या खाडीत तरीने जाण्यात माझे बालपण गेले आहे. इथे लाकडी अब्रा आहेत: उघडी होडी, मध्ये लांब बाक, दोन्ही बाजूंना पाण्याकडे तोंड करून माणसे बसतात आणि मधल्या खड्ड्यात उभा राहून चालवणारा सुकाणू सांभाळतो. होडी निघाली की प्रत्येकाने त्याच्या हातात एक दिरहमाचे नाणे द्यायचे, तिकीट नाही. त्या नाण्यावर अरबी कॉफीची चोचीची किटली आहे. पलीकडे बर दुबईला जायला पाच-सात मिनिटे लागतात. आम्ही त्या दिवशी चार वेळा गेलो आणि आलो, कामाशिवाय. देऱ्याच्या धक्क्याला मोठमोठी लाकडी गलबते लागलेली असतात आणि फुटपाथवरच फ्रिज, टायर, गाद्या, बिस्किटांची खोकी रचून ठेवलेली असतात. तो माल इराण आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याला जातो. एका गलबतावरचा खलाशी मांडवीचा, म्हणजे कच्छचा निघाला आणि रत्नागिरीची माणसे पूर्वी फार असत, असे म्हणाला.

माझ्या पेशामुळे मला दुसरी एक गोष्ट तिथे सारखी आठवत होती. १९६६ पर्यंत या खाडीवरचे व्यवहार आपल्या रुपयात होत असत. सोन्याच्या चोरट्या व्यापारात रुपया बाहेर जातो म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि इथल्या राज्यांनी तो सोडला. सहा अमिराती एकत्र येऊन देश झाला तो १९७१ च्या डिसेंबरमध्ये, सातवी आली १९७२ च्या फेब्रुवारीत आणि दिरहम आला १९७३ मध्ये. पंधराशे दिरहमांसाठी चौतीस हजार रुपये मोजून आलेल्या माणसाने हा इतिहास फार वेळ आठवू नये.

बर दुबईत जुन्या मशिदीमागच्या अरुंद गल्लीत फुलांच्या, नारळाच्या, कुंकवाच्या दुकानांमधून वर जाणारे जिने होते आणि तिथे देवळे होती. संक्रांत असल्याने गर्दी होती. दर्शन घेऊन आम्ही अल फहिदीच्या जुन्या वस्तीत गेलो, जिथे इराणच्या किनाऱ्यावरून आलेल्या व्यापाऱ्यांची मातीच्या रंगाची घरे जपून ठेवली आहेत. घरांवर बारजील म्हणजे चौकोनी वाऱ्याचे मनोरे आहेत. चारी बाजूंनी येणारा वारा ते खाली खोलीत सोडतात. एका मनोऱ्याखाली मी उभा राहिलो आणि जानेवारीतही अंगावर गार झोत आला. या भागात हिंडायला पैसे पडत नाहीत आणि दुपारी तिथे फारसे कोणी नसते.

दुसऱ्या दिवशी सोन्याचा बाजार. तिथल्या एका दुकानाच्या काचेत सुमारे चौसष्ट किलोची अंगठी ठेवलेली आहे. तिच्यासमोर फोटो काढणाऱ्यांची रांग असते आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या कानाशी कोणीतरी ‘कॉपी वॉच, कॉपी बॅग’ पुटपुटत असते. पत्नीला मंगळसूत्राच्या वाट्या नव्याने करायच्या होत्या आणि दर आपल्यापेक्षा कमी दिसत होता, कारण आपल्याकडे तेव्हा सोन्यावरचे आयातशुल्क पंधरा टक्के होते. मी आधीच वाचून ठेवले होते ते तिला तिथे सांगितले: बायकांना चाळीस ग्रॅम आणि एक लाख रुपयांपर्यंतचे दागिने विनाशुल्क आणण्याची तेव्हाची जी सवलत सगळ्यांना तोंडपाठ होती, ती वर्षाहून अधिक काळ परदेशात राहिलेल्यांना होती, सहा दिवसांच्या पाहुण्यांना नव्हती. घडणावळ आणि शुल्क धरले की फरक उरत नाही. तिने दुकानदारासमोर माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, बाहेर आल्यावर मात्र म्हणाली, “अहो, निदान हातात तरी घेऊन बघू द्यायच्या होत्या.” हे बरोबर होते. त्याला पैसे पडले नसते.

संध्याकाळी मेट्रोने बुर्ज खलिफाच्या स्थानकावर उतरलो. तिथून दुबई मॉलपर्यंत सुमारे आठशे मीटरचा वातानुकूलित पूल आहे आणि तो संपेपर्यंत माणूस थकतो. ८२८ मीटर उंचीच्या त्या इमारतीच्या एकशेचोविसाव्या मजल्यावर जाण्याचे तिकीट दोघांना मिळून आमच्या जवळजवळ तीन दिवसांच्या खर्चाएवढे होते. वर गेले की ती इमारत सोडून बाकी सगळे दिसते, आणि आम्हाला तर तीच पाहायची होती, असे मी म्हणालो. खरे कारण वहीत होते. मॉलमधल्या मत्स्यालयाच्या आत जायला तिकीट आहे, पण त्याची प्रचंड काच मॉलमधल्या मोकळ्या वाटेवरूनच दिसते. त्या काचेसमोर लोक भारावून उभे होते आणि माझी गुहागरची पत्नी मोठ्याने ओळख पटवत होती: हे पाकट, ही मुशी, मुशीचे कालवण कसे करायचे ते. दोन मराठी मुली मागे वळून हसल्या. त्यांना तिळगूळ मिळाला.

मॉलबाहेरच्या तळ्यातले कारंजे संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत दर अर्ध्या तासाने उडते आणि ते पाहायला काही द्यावे लागत नाही. आम्ही पुलाच्या कठड्याशी जागा धरून लागोपाठ चार खेळ पाहिले. प्रत्येक खेळाला गाणे वेगळे असते आणि दोन खेळांच्या मध्ये गर्दी ओसरते, तेव्हा कठड्याजवळची जागा सोडायची नाही, एवढेच करायचे असते. हे बांधायला आलेल्या माणसांपैकी कितीजणांनी ते खालून असे उभे राहून पाहिले असेल, असा विचार मनात आला. आजूबाजूला पाहिले तर कामाचे कपडे बदलून आलेली, दोघे-तिघे मिळून एकमेकांचे फोटो काढणारी बरीच माणसे होती. ते फोटो घरी जात असणार.

मंगळवारी जुमेरा रस्त्याने जाणाऱ्या आठ क्रमांकाच्या बसने काइट बीचला गेलो. पांढरी वाळू, मोफत किनारा, पाण्याच्या बाटल्या भरून घ्यायला मोफत नळ, आणि बाजूला नजर टाकली की बुर्ज अल अरब, शिडाच्या आकाराचे ते ३२१ मीटरचे हॉटेल, ज्याच्या दारातून आत जायलाही आधी आरक्षण लागते. पत्नी साडी वर खोचून गुडघाभर पाण्यात उभी राहिली. सांगण्यासारखे याहून अधिक काही घडले नाही आणि आम्ही तिथे पाच तास होतो.

बुधवारी षट्‌तिला एकादशी होती आणि त्याच दिवशी अबू धाबीला जायचे होते. बर दुबईच्या अल घुबैबा स्थानकावरून सुटणाऱ्या बसला माणशी पंचवीस दिरहम पडले, म्हणजे जाऊन-येऊन दोघांचे शंभर तिथेच झाले. शिवाय अबू धाबीच्या शहरबसला नोल चालत नाही, वेगळे कार्ड घ्यावे लागते. त्या दिवशी उपवास असल्याने खजूर, केळी आणि ताक यांवर खर्च भागेल असा माझा अंदाज होता. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण मी विसरलो होतो. वहीने दीडशेचा आकडा गाठला.

शेख झायेद मशीद पाहायला शुल्क नाही. आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि बायकांना केस व हात झाकून जावे लागते. पत्नीने पूर्ण बाह्यांचा पंजाबी ड्रेस आणि ओढणी घेतली होती, तिला कोणी अडवले नाही. आत जाण्याचा रस्ता जमिनीखालच्या बाजारातून आणि एका लांबलचक बोगद्यातून जातो, आणि एकदम पांढऱ्या संगमरवराच्या उजेडात निघतो. ब्याऐंशी घुमट, हजारावर खांब, आणि मुख्य दालनात ५,६२७ चौरस मीटरचा एकच गालिचा, जो इराणमधल्या सुमारे बाराशे बायकांनी हाताने विणला. गालिच्यावर पाहुण्यांना पाय ठेवू देत नाहीत, कडेच्या मार्गाने फिरवतात. पत्नी तिथे बराच वेळ खाली पाहत उभी होती. गाठी किती असतील, असे तिने विचारले. तिने लग्नाआधी दोन वर्षे शिवणकाम केले आहे.

गुरुवारी सकाळी आम्ही एकुलती एक टॅक्सी केली, रास अल खोरच्या पाणथळीपर्यंत. शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी पाहिलेल्या माणसाला इथला देखावा चमत्कारिक वाटतो, कारण पक्षी तेच, पाय तसेच चिखलात, पण मागे काचेच्या मनोऱ्यांची रांग. लाकडी आडोशात बसून दुर्बिणीतून पाहता येते, पैसे नाहीत, आणि आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय एकच माणूस होता, तो तिथला रखवालदार.

संध्याकाळी भाईंचा मुलगा ड्युटी संपवून आला. तो राहतो ती जागा आमच्या हॉटेलपासून चालत दहा मिनिटांवर, नाइफच्या बाजूला होती. त्या भागात विजेच्या खांबांवर ‘बेड स्पेस’च्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात, खाली फोन नंबरांच्या फाडून घ्यायच्या पट्ट्या. कोणत्या राज्याचा, कोणत्या भाषेचा, शाकाहारी की मांसाहारी, हेही त्यावर लिहिलेले असते. “काकू, तुम्ही खालीच थांबा, नाइटवाले झोपलेत,” असे म्हणून तो मला एकट्याला वर घेऊन गेला. एका खोलीत दोन मजली सहा खाटा होत्या, प्रत्येक खाटेला पडदा, पडद्याच्या आत मोबाइलचा उजेड. त्याची खाट वरची. उशाशी देवळीएवढ्या जागेत त्याने घड्याळ, तेलाची बाटली, औषधे आणि घरच्यांचा फोटो लावला होता. भाडे महिना साडेसहाशे दिरहम, वीज-पाणी-वायफाय धरून. मला वाटले होते तितकी ती खोली अस्वच्छ नव्हती. फार नीटनेटकी होती, कारण इंचभरही पसारा करायला जागा नव्हती.

नंतर त्याने आम्हाला एका पाकिस्तानी खानावळीत नेले. दाल, चिकन कढाई, पत्नीसाठी भेंडी, आणि मागाल तेवढ्या तंदुरी रोट्या, ज्यांचे वेगळे पैसे लावत नाहीत. बिल छत्तीस दिरहम झाले. मी पाकीट काढले, पण त्याने वेटरला आधीच सांगून ठेवले होते. “काका, गावाहून माणूस आला आणि त्याने पैसे दिले, हे आईला कळलं तर काय म्हणेल?” बोलता बोलता त्याने सांगितले होते की तो जेवणाखाण्याला दिवसाला बारा दिरहम धरतो. रात्री हॉटेलवर वही उघडली, तेव्हा जेवणाच्या रकान्यात त्या दिवशीचा आकडा फार लहान होता. छत्तीस भागिले बारा एवढे गणित मी कागदावर न करताही करू शकतो. ती रक्कम कुठल्या बाजूला लिहायची हे मला सुचले नाही आणि ती ओळ कोरीच राहिली.

उरलेला तिळगूळ पत्नीने त्याला डब्यासकट दिला. शुक्रवारी सकाळी अनामतीचे शंभर दिरहम परत मिळाले, त्याआधी खोलीतले टॉवेल मोजून झाले. दुपारच्या नमाजाच्या वेळी दुकाने बंद असतात हे लक्षात ठेवून खजूर आणि बदाम आदल्या दिवशीच घेतले होते. विमानतळावर बाटलीतले पाणी ओतून द्यावे लागले. हातात सत्तर दिरहम उरले, ते मी मुंबईत बदलून घेतले. ते बदलण्यात जो तोटा झाला तोही वहीत आहे.

नोलची कार्डे पाच वर्षे चालतात. ती माझ्या टेबलाच्या खणात होती. जूनमध्ये आमच्याच वाडीतल्या एका मुलाचा व्हिसा आला, कंपनीचा. तो निघण्याच्या आदल्या दिवशी वडिलांना घेऊन निरोप घ्यायला घरी आला, तेव्हा मी ती दोन्ही कार्डे त्याला दिली आणि त्यांत थोडीफार रक्कम शिल्लक आहे, चढण्याआधी भर घालावी लागेल, असे सांगितले. त्याचे वडील पलीकडे बसून चहा घेत होते. बुर्ज खलिफा, कारंजे, मशीद यांबद्दल त्यांनी काहीच विचारले नाही. कप खाली ठेवून त्यांनी विचारले, “तिथे खाट केवढ्याला मिळते?” मी खणातून वही काढली आणि गुरुवारचे पान उघडून आकडा वाचून दाखवला.